बादलीला कोणी हात जोडत नाही

कुमुदताई, परवा तुझ्या नावाचा दगड बसला. पांढरा संगमरवर, सोनेरी अक्षरं, वरच्या दोन कोपऱ्यांत पानं कोरलेली. नावाच्या आधी 'स्वर्गीय' आणि नावाच्या खाली 'पर्यावरण-सेविका'. ते वाचून तू पोट धरून हसली असतीस. मला मात्र हसू येईना आणि रडूही येईना, कारण आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते आणि त्यांच्यात मीही वाजवत होते.

दगड बी ब्लॉकच्या मागच्या भिंतीत बसवलाय. जिथे आपले खताचे खड्डे होते, अगदी तिथेच. खड्डे आता नाहीत. ते बुजवून वर फरशी घातली आणि फरशीवर गाड्या उभ्या राहतात. तुझं नाव कायम राहावं म्हणून दगड, आणि दगडाभोवतीची जागा स्वच्छ दिसावी म्हणून फरशी, अशी त्यातली संगती त्यागीजींनी मला समजावून सांगितली. ते सोसायटीचे सेक्रेटरी, समजावून सांगणं त्यांचं कामच आहे.

तू थंडीत गेलीस. आता कुठे ऊन तापायला लागलंय आणि एवढ्यात सगळं उरकलंसुद्धा. आपली लिफ्ट दुरुस्त करून घ्यायला किती चपला झिजवल्या होत्या आपण, आठवतं ना? तुझ्या कामावर माती लोटायला मात्र कुणाला एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही.

गाझियाबादला यायचं ठरलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आपल्याला काय कमी होतं? दारात कडुनिंब, मागे अंगण, सरकारी माळी. पण नवऱ्यांच्या निवृत्त्या जवळ येत होत्या आणि बँका बोलावून बोलावून कर्ज देत होत्या. जो तो यमुनेपलीकडे फ्लॅट घेत सुटला होता. आपणही घेतले, एकाच मजल्यावर, समोरासमोर. आलो तेव्हा रेती, क्रेन आणि जनरेटरचा धूर, एवढंच काय ते होतं. पूर्वी इथे बाग होती म्हणे. तिच्यातली चार जांभळं मागच्या भिंतीलगत बिल्डरच्या तावडीतून कशी कोण जाणे वाचली होती.

आणि कचरा! नव्या नव्या पाकिटांचे दिवस होते ते. ज्या बायका क्वार्टरमध्ये दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या, त्याच इथे आल्यावर रोज पिशवी भरभरून कचरा दाराबाहेर ठेवायला लागल्या. सकाळी सगळ्यांची सालं, पाकिटं आणि जांभळाचा पाला गेटपाशी एकत्र पेटवला जायचा आणि तो धूर आपल्या गॅलऱ्यांत यायचा. लोक खिडक्या लावून घ्यायचे. तू एक दिवस पदर खोचून खाली गेलीस, माळ्याकडून फावडं मागून घेतलंस आणि जांभळाखाली खड्डा खणायला लागलीस. वरून कुणीतरी ओरडून विचारलं, "आंटीजी, कुछ मर गया क्या?" तू मान वर न करता म्हणालीस, "अभी नहीं, मगर ऐसाच चला तो मरेंगे सब."

तुझं हिंदी शेवटपर्यंत असंच राहिलं. इतकी वर्षं दिल्लीत काढून!

परवाच्या कार्यक्रमात तुझी नात मिहिका बोलली. छान बोलली गं पोर. "मेरी आजी को पेड़ों से बहुत प्यार था," म्हणाली. लोक हळहळले. मला उठून सांगावंसं वाटलं, की नाही बाळा, तुझ्या आजीनं झाडांवर कधी प्रेम केलं नाही. तिला धूर सहन व्हायचा नाही, वाया गेलेलं अन्न सहन व्हायचं नाही आणि 'कोण करणार?' हा प्रश्न तर मुळीच सहन व्हायचा नाही. तू प्रेमळ वगैरे नव्हतीस, ताई. तू चिकट होतीस. एकदा मागे लागलीस की माणसाची सुटका नाही.

मला आठवतेय ती पहिली संक्रांत. तू अख्ख्या सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलंस. पंजाबी, बंगाली, तमिळ, झाडून सगळ्या. निम्म्यांना हळदीकुंकू म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, पण तिळगूळ सगळ्यांना आवडला. वाण म्हणून काय द्यायचं यावर आपला आठवडाभर खल चालला होता. मी वाट्या म्हणत होते. तू सुगडं आणलीस, त्यांना बुडाशी भोकं पाडून घेतलीस आणि प्रत्येकात मूठ मूठ तयार खत घातलंस, काळं, चहापत्तीसारखं मोकळं. "हे विरजण आहे शालू," मला म्हणालीस. "यात रोजची सालं घालायची. मडकं भरलं की खाली खड्ड्यात आणायचं." बायकांनाही तू तेच सांगितलंस, "ये जामन है. इसमें छिलका डालने का." त्या तोंडभरून 'जी, जी' म्हणाल्या. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिले, कोहळ्याची सालं काढणारी तू पहिलीच.

पण घोड्यानं पेंड खाल्ली ती एका बोटापाशी. सुगड हातात आलं की आपला हात थांबतो थोडाच! तू सवयीनं प्रत्येक सुगडावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होतीस.

महिना झाला तरी खड्ड्याकडे कुणी फिरकेना. शेवटी आपण दोघी घरोघरी बघायला निघालो. पहिलंच घर मिसेस सेठींचं. त्यांनी आपल्याला मोठ्या कौतुकानं आत नेलं. देवघरात, वैष्णोदेवीच्या तसबिरीशेजारी, लाल कापडावर तुझं मडकं! पुढे उदबत्ती. "दीदी, आपने इतनी श्रद्धा से मिट्टी दी थी, हमने मंदिर में रख ली," त्या म्हणाल्या. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी मडक्यावर फूल. हळदीकुंकू लागलेल्या मातीत कांद्याची सालं टाकायची कुणाची छाती होणार? तू कशीबशी जिन्यापर्यंत आलीस आणि तिथेच पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसलीस. मीही हसले. हसू ओसरल्यावर तू पदरानं डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "चुकलंच माझं. पुढच्या वर्षी बादल्या वाटू, प्लास्टिकच्या, अगदी बेंगरूळ. बादलीला कोणी हात जोडत नाही."

आणि खरंच ना! पुढच्या संक्रांतीला हिरव्या बादल्या वाटल्यास, कुंकवाचा ठिपकाही न लावता, आणि दुसऱ्या दिवशीपासून बायका बादल्या घेऊन खाली उतरायला लागल्या.

मग तुझं ते खडूचं खूळ. दर रविवारी खड्डा वरखाली करायची एकेका घराची पाळी, आणि ज्यांची पाळी त्यांचं आडनाव भिंतीवर खडूनं, मोठ्या अक्षरांत. गणपतीच्या आरतीआधी प्रसादाचं ताट बाजूला ठेवून तू चांगलं काम करणाऱ्या घराचं नाव पुकारायचीस. मला वाटलं होतं, हा पोरखेळ कोण मनावर घेणार? पण त्यागीजी, ज्यांनी स्वतःच्या हातानं कधी पाण्याचा पेला भरून घेतला नसेल, ते एका रविवारी हाफ पँट घालून फावडं मारत होते. का, तर आदल्या आठवड्यात सेठींचं नाव लागलं होतं. पाऊस पडला की खडू पुसला जायचा. पुन्हा नाव हवं तर पुन्हा या. मी तुला म्हटलं, तू माणसांना शाळेतल्या पोरांसारखं वागवतेस. तू म्हणालीस, "माणसांना शाळेनंतर कुणी शाबास म्हणतच नाही गं. दहा-वीस वर्षांची उपासमार असते ती."

ढालीवरून आपण भांडायला लागलो ते इथूनच. शहरातल्या सोसायट्यांची ती स्पर्धा निघाली, 'हरित सोसायटी' म्हणून, आणि तू दर वर्षी आपलं नाव द्यायला लागलीस. दर वर्षी बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळायचं, ज्यांच्या गेटवर कारंजं आहे अशांना. मी चिडवायचे, "ताई, तुला ढाल हवी आहे, मान्य कर." आणि तू जराही लाजायची नाहीस. "हवीच आहे! का नको? जन्मभर रांधलं, वाढलं, कुणी ढाल दिली? आणि माझ्यासाठी नकोय. नाव झालं की माणसं येतात. माणसं आली की काम होतं."

"नाव झालं की माणसं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात," मी म्हणायचे.

"तू उंटावरची शहाणी."

"आणि तू ढालीची भुकेली."

वर्षानुवर्षं हेच. मला वाटतं, आपल्याला ते भांडण संपवायचंच नव्हतं. संपलं असतं तर चहाला काय निमित्त उरलं असतं?

आपल्या मराठी मंडळाच्या बसनं आपण पानिपतला काला अंबला गेलो होतो, तेव्हाही बसमध्ये हाच विषय. स्मारकापाशी सगळे नमस्कार करत होते, कुणाचे डोळे भरून आले होते, आणि तू मागे पिशवी घेऊन लोकांच्या कागदी पुड्या गोळा करत होतीस. जोशीकाका म्हणाले, "कुमुदताई, अहो आधी नमस्कार तरी करा." तू म्हणालीस, "करतेच आहे." मी ते तेव्हा नुसतं ऐकलं. आता रोज आठवतं.

हॉस्पिटलमध्ये तू मला शेवटचं काय विचारलंस, ते मी तुझ्या लेकाला, निखिललाही सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, त्याच्याबद्दल विचारलं असशील, वाटू दे. तोंडावरचा मास्क तू हातानं बाजूला केलास. सिस्टर ओरडली. तू विचारलंस, "परीक्षक आले?" मी म्हटलं, आले. "काय म्हणाले?" मी म्हटलं, म्हणाले, वास येत नाही. ते खरंच तसं म्हणाले होते, ताई. त्यातल्या एका बाईंनी खड्ड्यातलं खत हातात घेऊन नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "इसमें तो कोई बदबू ही नहीं!" तुझ्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला वाटलं तू बरी होणार.

तू गेलीस, तेरावा झाला, आणि ढाल आली.

तुझी ढाल. पितळी, लाकडी पाटावर ठोकलेली. यंदाची पहिली हरित सोसायटी आपली. ती घ्यायला कमिटीचे सगळे सुटाबुटात गेले होते. पेपरात फोटो आला, त्यात त्यागीजी आहेत, खजिनदार आहेत आणि जे खड्ड्याच्या वासानं नाकाला रुमाल लावून जायचे तेही आहेत. ढाल ऑफिसातल्या काचेच्या कपाटात आहे. मी एकदा जाऊन बघून आले. चावी कुणाकडे तरी होती, म्हणून काचेतूनच बघितली.

मग सभा बोलावली. विषय दोन होते, तुझी श्रद्धांजली आणि पार्किंग. दोन्ही विषय एकच निघतील असं माझ्या मनातही आलं नव्हतं. आता घराघरात दुसरी गाडी आहे, काहींकडे तिसरी. मुलांना गुडगावला कामाला जायचं असतं, मला कळतं. त्यागीजी उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "भाभीजी की याद में बी ब्लॉक के पीछे का पूरा एरिया डेवलप करेंगे. पत्थर लगेगा, किनारे गमले लगेंगे. भाभीजी स्मृति परिसर."

मी उठले. म्हटलं, "और गड्ढे?"

"गड्ढे अब कौन देखेगा, दीदी? वो तो भाभीजी थीं."

"हम देखेंगे. हम सब देखते ही थे ना. आप खुद फावड़ा चलाते थे."

"बिल्कुल चलाते थे. उन्हीं की वजह से," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. खोटं असतं तर मी भांडले असते. "दीदी, उन्हीं के नाम से तो कर रहे हैं. आपको अच्छा नहीं लग रहा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिसेस सेठींनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं, मला तुझ्या आठवणीनं भरून आलंय. तुझ्या नावाला विरोध करणारी बाई, तीही तुझी सख्खी शेजारीण, तीही तुझ्याच गावाकडची! काय बोलणार होते मी? पानिपत झालं माझं तिथे. बसले खाली.

निखिलला बोलेन म्हणून दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेले, तर अप्पा दारातच भेटले. तुझे यजमान, ज्यांनी तू असताना खड्ड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. हातात दगडावर कोरायच्या मजकुराचा कागद. "शालिनीताई, तिचं नाव लागणार," म्हणाले. "बघा, तिला हवं होतं ना, कुणीतरी दखल घ्यावी? घेतली बघा." आणि माझ्यापुढे ते मुलासारखे रडले. तू गेल्यापासून ते रडले नव्हते, निखिलनं सांगितलं. कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "सगळं बरोबर आहे ना, एकदा बघा." मी बघितलं. म्हटलं, बरोबर आहे.

तूच सांग, दुसरं काय म्हणणार होते? खड्डे राखायचे तर त्या माणसाच्या हातातला कागद काढून घ्यायला हवा होता. मला नाही ते जमलं, आणि आजही जमणार नाही.

तर असा आपला वाद संपला, ताई. नाव झालं, माणसं आली, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. मी जिंकले. तुला काय वाटलं, मला जिंकायचं होतं? मी जन्मभर तुझ्याशी भांडले ते तू मला एक दिवस खोटं पाडशील या भरवशावर. आणि तू पाडतही होतीस गं, त्या खडूनं, दर रविवारी. खडूपर्यंत तुझंच खरं होतं. दगडाचा विचार आपण दोघींनीही केला नव्हता.

काल सकाळी मी नेहमीसारखी बादली घेऊन खाली उतरले. मुद्दाम नव्हे. इतक्या वर्षांची पायांची सवय. चहा झाला, भाजी चिरून झाली, बादली उचलली, लिफ्टनं खाली, बी ब्लॉकच्या मागे. वळसा घालून पुढे गेले तेव्हा समोर गाड्या. जांभळाखाली एकही पान नव्हतं. गाड्यांवर पडतात म्हणून आता दोनदा झाडतात आणि पाला गेटपाशी नेतात. तिथे काय करतात, ते वासावरून कळतं.

दगडापाशी मिसेस सेठी उभ्या होत्या. सकाळची पूजा आटोपून आल्या होत्या, हातात छोटी थाळी. तुझ्या नावावर त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं, खाली झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. हे त्या आता रोज करणार. मनापासून करतात, ताई. तुझ्यावर त्यांचा फार जीव होता.

मी बादली जरा खाली टेकवली. हात भरून आला होता, एवढंच.

त्यांनी डोळे उघडले आणि घाईघाईनं, पण अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "अरे दीदी, कूड़ा यहाँ मत रखिए. यहाँ कुमुद दीदी हैं."

मी बादली उचलली. 'माफ करना' म्हटलं आणि परत वर आले.

ती बादली आता माझ्या गॅलरीत आहे. कालची सालं, आजची सालं, वर झाकण. वास यायला लागलाय. वास आला की वरून कोरडा पाला घाल, असं तू सांगायचीस. तर गॅलरीत उभी राहून मी गेटकडे बघतेय आणि तिथे पाल्याचा धूर निघतोय. संध्याकाळपर्यंत बादली भरेल. ताई, ही मी कुठे रिकामी करू?